किटलीचं बूड

माझी पहिली कविता वाईट होती.
हे आज सांगतो, एकसष्टाव्या वर्षी.
तेव्हा मात्र ती पाठवून
रात्रभर फोन उशाखाली ठेवला होता
आणि तो जरा गुरगुरला की छातीत धस्स व्हायचं.

चियातुरात मी एकतीस वर्षं रोपवेचा पाळणा चालवला,
खाणकामगार सकाळी डोंगरावर, संध्याकाळी खाली.
कवितेत मी गरुड घातला होता, अनंत घातलं होतं,
आणि एका ओळीत, चुकून, लिहून गेलो
की तेल कमी पडलं की तार
म्हाताऱ्यासारखी खाकरते.

लमाराचं उत्तर पहाटे चारला आलं,
भट्टी पेटवायच्या वेळी.
"गरुड सोडून दे, गुराम, तो सगळ्यांकडे असतो.
पण ती खाकरणारी तार
मी पिठाला वाचून दाखवली.
तिथून सुरू कर."

एवढंच. ना शाब्बास, ना वा.
पण उभ्या जन्मात माझं बोलणं
कुणी इतक्या बारकाईनं ऐकलं नव्हतं.

आम्ही पाच जण.
लमारा पाव भाजते.
वाजा शाळेत भूगोल शिकवतो
आणि यमकासाठी नद्या उलट्या वाहवतो.
नानुली कुणाच्याही कवितेला "छान" म्हणते.
त्यावरून आम्ही तिची थट्टा करतो,
आणि ज्या दिवशी ती म्हणत नाही
त्या दिवशी घास उतरत नाही.
पाचवी त्सियाला, तिकडे इटलीत, बारी शहरात.
एका परक्या म्हातारीला भरवते, पुसते,
कुशीवर वळवते,
आणि ती झोपली की स्वयंपाकघरात उभ्यानं लिहिते.
उभ्यानं, कारण खुर्ची करकरते.

तिच्या ओळी आखूड.
वाजाला वाटायचं, ही शैली आहे.
एकदा विचारलं, तर म्हणाली,
"छे रे, मध्येच हाक येते."

फेब्रुवारीत तिची आई गेली, इथे, आमच्यात.
त्सियालाचे कागद पुरे नव्हते; निघाली असती
तर परत जाता आलं नसतं.
खांदा द्यायला पुढे वाजा आणि मी होतो.
पेटी हलकी होती. हे तिला कळवलं नाही.

त्यानंतर तिचं लिहिणं थांबलं.
चार कवी आम्ही, आणि चौघांत मिळून
एक धड वाक्य निघेना.
शेवटी मी रोज संध्याकाळी पुलावरून कळवू लागलो:
नदी आज काळी.
नदी आज काळी, पाणी कमी.
आज पाऊस, तरी काळीच.
कविता नव्हती ती. हजेरी होती.
लमारा खाली पिठाचा भाव लिहायची,
वाजा, वर्गात कुणी अटलांटिक कुठे नेऊन ठेवला ते.
नानुली प्रत्येकाला छान म्हणायची,
पिठाच्या भावालासुद्धा.

सत्तेचाळीस दिवस.

मग एका रात्री, दीड वाजता:
"काळी काय काळी?
लाज वाटू दे, गुराम.
क्विरिला काळी नाही.
आईच्या किटलीचं बूड आठव,
घासून घासूनही
जे उरायचं
ते.
नीट बघ जरा."

शिवी खाऊन इतका आनंद
मला आयुष्यात झाला नव्हता.
मी अंधारात उठून बसलो.
बायकोनं विचारलं, कोण गेलं?
म्हटलं, कुणी नाही. आलंय.

सकाळी चष्मा पुसून पुलावर गेलो.
खरं होतं तिचं, रंग तोच होता.
फक्त काठाला, जिथे पाणी दगडाला घासतं,
तिथे बारीकशी चमक होती.
एवढी एक गोष्ट तिला तिथून दिसली नव्हती.
मी ती ओळ करून पाठवली.

नानुली म्हणाली, छान.
लमारा म्हणाली, "चमक" काढ,
बाकीचं राहू दे.