जोवर

वडिलांच्या मृत्युपत्रात माझं नाव दुसऱ्या ओळीत आहे.
पहिल्या ओळीत डॅग्नी, त्यांची दुसरी बायको:
"तिच्या हयातीपर्यंत",
मग एक स्वल्पविराम,
मग "त्यानंतर माझी मुलगी सिग्ने".
त्या स्वल्पविरामात मी एकोणीस वर्षं राहते आहे.

विस्कॉन्सिनच्या या दरीत एकशे साठ एकर,
तंबाखू वाळवायची दोन रिकामी कोठारं,
ओढ्याकाठी काळ्या अक्रोडांची रांग.
वकील क्विगली पेन्सिलीच्या टोकानं दाखवतो:
अक्रोड तिचे, झाड तिचं नाही.
तिनं फळं खावीत, वाळक्या फांद्या जाळाव्यात,
छप्पर गळू देऊ नये.
खोडाला करवत लावली तर कायदा त्याला नासाडी म्हणतो,
तू दावा लावू शकतेस.
आणि तोवर मी काय करू?
तोवर तू बघू शकतेस, तो म्हणाला.

आजोबांनी फाट्यावरचा अर्धा एकर शाळेला दिला होता,
"जोवर तिथे मुलं शिकतील तोवर".
क्विगली हा शब्द खडीसाखरेसारखा चघळतो.
"पण जर" लिहिलं असतं, तर
शाळा बंद पडल्यावर कुणीतरी उठून
आपली जमीन परत मागायला जावं लागलं असतं,
आणि न मागता बसलं, तर ती गेलीच.
"जोवर"ला मागावं लागत नाही.
त्रेसष्टच्या मे महिन्यात मिस ट्वाइटनं फळा पुसला,
दाराला कुलूप घातलं,
ती तीन पायऱ्या उतरेपर्यंत जमीन आमची झाली होती.
वडील तेव्हा रोपं लावत होते.
त्यांना कळलं ते कराचं पत्र आल्यावर.

डॅग्नीला आता शेती झेपत नाही.
खालचं कुरण तिनं एल्रॉय बाक्केला दिलंय.
किती वर्षांसाठी? तिच्यापाशी होती तेवढी,
स्वतःची.
तिचा श्वास थांबला की त्याच्या गायी परक्या रानात.
म्हणून एल्रॉय पहाटे तिच्या दारातला बर्फ काढतो,
गुरुवारी दवाखान्यात नेतो,
मिठाची बरणी वरच्या फळीवर लपवतो,
आणि ती शिडीवर दिसली की कुंपणापलीकडून ओरडतो.
चर्चमध्ये बायका म्हणतात,
असा शेजारी मिळायला नशीब लागतं.
नशीब नाही, बावीस गायी लागतात.

मी थँक्सगिव्हिंगला येते तेव्हा
तो माझ्याशी हवामानाखेरीज बोलत नाही.
तोही कागद वाचलेला माणूस.
या दरीत तिच्या मरणानं ज्याचं भलं होणार
असं एकच माणूस आहे,
आणि ते तिच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलतंय.

डॅग्नीला हे माहीत आहे.
ती मला अक्रोड फोडायला बसवते,
हातोडा माझ्याच हातात देते
आणि पाठ करून चुलीपाशी उभी राहते.
त्या टरफलांचे काळे डाग आठवडाभर जात नाहीत.
"तुझं छप्पर गळतंय," ती म्हणते.
"तुझं," मी म्हणते.
मग दोघी मिळून बादली कुठे ठेवायची ते ठरवतो.

मी एकसष्टची. माझं हृदय तिच्याहून वाईट.
मी आधी गेले तर ती दुसरी ओळ
फिनिक्सला जाईल, माझ्या मुलाकडे,
ज्याला ओढा कुठल्या बाजूला वाहतो हेही सांगता येणार नाही.
क्विगली म्हणतो, त्यानं काही बिघडत नाही.
कागदावर खरंच काही बिघडत नाही.

जानेवारीत रविवारी मी शहरातून फोन करते.
तिला उठून यायला वेळ लागतो.
एक रिंग. दोन. तीन.
चौथ्या रिंगला मला अक्रोडांची रांग दिसते,
पाचव्याला करवत ऐकू येते, मी लाजते.
सहा.
एवढा वेळ ती जमीन कुणाची आहे
हे मला ठाऊक नसतं. क्विगलीलाही नसतं.

मग खडखडाट,
आणि गुडघ्याला दिलेली एक नॉर्वेजियन शिवी.
मी खुर्चीत टेकते.
छप्पर कसं आहे, विचारते,
कुणाचं ते न म्हणता.