आधार

वसमतच्या मोंढ्यासाठी हळदीच्या भावाचं पान
मी ग्रिडमध्ये बांधलं होतं.
कांडी, गट्टू, आवक, दर,
माझ्या लॅपटॉपवर ओळंबा लावल्यासारखं सरळ.

दस्तगीरभाईंच्या काउंटरवरचा संगणक
पिवळ्या धुळीनं माखलेला.
त्यातल्या ब्राउझरच्या कानावर
ग्रिड हा शब्दच आला नव्हता.
सकाळी चौकटी कोसळल्या एकाखाली एक,
आणि ‘व्यापाऱ्यांसाठी सूचना’ यातला ऱ्या फुटून
उरला रिकामा चौकोन.

‘याला आधार नाही,’ मी पुटपुटले.
‘आधार? झेरॉक्स चालंल का?’
त्यांनी ड्रॉवर उघडलासुद्धा.

दुपारभर लिहीत बसले मग :
येत असेल तर असं कर,
येत नसेल तर निदान असं.
(आईशी फोनवर मी
कित्येक वर्षं याच वाक्यात बोलते.)

पाच वाजता सगळं पुन्हा रांगेत.
दस्तगीरभाई चष्मा सदऱ्याला पुसत
बराच वेळ बघत राहिले.
‘सकाळचंच बरं व्हतं, ताई.
एकाखाली एक.
माणसाला बोट ठिवून वाचता यायलतं.’

दुपार खोडली.
ऱ्या तेवढा ठेवला, दुरुस्त केलेला.