बारा सदतीसचा उजेड

केतकी, पत्रिका पालथी घाल,
मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू.
पुढं गणपती आहे, कुलस्वामिनी आहे,
'माझ्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं' आहे
आणि मुहूर्त: बारा वाजून सदतीस मिनिटं.

भटजींनी पंचांग बघितलं. मी ऊन बघते.
बारा सदतीसला आपल्याकडचं ऊन
डोक्यावर पाय देऊन उभं असतं,
डोळ्यांच्या खोबणीत काळं साचतं,
नवरी कितीही देखणी असो
दोन रात्री झोपली नसल्यासारखी दिसते.
(झोपलेली नसतेच. पण ते फोटोत कशाला?)
म्हणून तात्यांना सांग, पटांगणातल्या मांडवाला लाल कापड नको.
लाल छताखाली सगळं वऱ्हाड
तांबड्या रश्श्यातून काढल्यासारखं येतं.
पांढरं लावा. मांजरपाट असला तरी चालेल.

बावड्याच्या त्या कार्यालयाला पूर्वेला तीन खिडक्या.
रविवारी जाऊन बघून आले,
वॉचमनला नवरी म्हणून उभं केलं.
मधल्या खिडकीशी साडेसातला
ताकासारखा पातळ उजेड येतो.
मुंडावळ्या तिथं बांध.
पार्लरच्या बाईला साडेचार सांग, ती साडेपाचला येईल.

संध्याकाळी रंकाळा. सहा ते सहा अठरा.
ड्रोन नको, करवल्या नकोत.
रणधीरला म्हणावं, पासपोर्टला बसल्यासारखा ताठू नको,
हातात भेळेचा कागद धर, म्हणजे हातांचं काय करायचं
हा प्रश्न सुटतो.

हसू नकोस मिनिटांना.
अंबाबाईच्या देवळात किरण पायांवर येतो, मग कमरेवर,
मग मुखावर;
ज्यानं दगड रचले त्यानंही मिनिटंच मोजली असतील.
तरी एखाद्या साली ढग येतो,
कुणाच्या गच्चीवरची टाकी आडवी येते,
आणि माणसं तशीच हात जोडून उभी राहतात.

आता ते.
जे सांगायला तू दोनदा आलीस
आणि दोनदा मेंदीचं बोलून गेलीस.

तात्या आणि हिंदुराव काका.
अकरा वर्षं. विहिरीवरच्या मोटरीपायी.
कुणाचं चुकलं ते मला सांगू नकोस,
फोटोत विहीर येत नाही.
काका येतील. अक्षता टाकतील, जेवणार नाहीत.
पाकीट देतील, त्यावर नाव नसेल.

ऐक. माझ्या हातात फार काही नसतं.
पण अख्ख्या भावकीत
'सरका' म्हटल्यावर माणसं सरकतात
ती फक्त फोटोवालीचं ऐकून.
सरपंच सरकतात, सासवा सरकतात.
मी म्हणेन, काका, कट होताय.
अजून आत. अजून. खांदा घ्या तिकडं.

दहा माणसं मोकळीढाकळी मावतील
अशी लेन्स आहे माझ्याकडे.
त्या दिवशी ती पिशवीतच राहील.

लिही: एक दहा.
पंगत बसायच्या आधी,
भुकेल्या माणसाला नाही म्हणायला वेळ नसतो.
जागा तीच, मधली खिडकी.
तू मध्ये नकोस.
तू मध्ये आलीस की दोघं तुझ्याच खांद्यावर हात ठेवतील
आणि सुटतील.
बाजूला होऊन शालूची निरी सावरत बस.

मी तीन म्हणेन आणि बटण दाबणार नाही.
फ्लॅश उडाला नाही म्हणेन.
हलू नका, जवळच राहा म्हणेन,
पुन्हा एक, पुन्हा दोन.

पुढं काय येईल, मला ठाऊक नाही.
कुणाचे तरी डोळे मिटलेले येतील. चालतंय.

जादा बॅटऱ्या दोन घेतल्यात.
तेही लिही, खाली, कोपऱ्यात.