साडेपाच ते आठ

प्रशिक्षण एरंडवण्यात होतं, तिसऱ्या मजल्यावर.
एसी इतका, की शकीलाबाजींनी ओढणी कानांवरून घेतली.
खुर्च्या गोल. गळ्यात दोरीचा बिल्ला,
त्यावर माझं नाव, खाली 'समुदाय सुलभक'.
वस्तीत पोरं मला 'ओ ताई' म्हणतात,
त्यांच्या आया म्हणतात 'क्लासवाली'.
सुलभक अशी हाक आली असती
तर मी मागे वळून दुसऱ्याच कुणाला शोधलं असतं.

प्रत्येकीला तीन चिकटकागद,
एका कागदावर एकच अडचण.
मी लिहिलं: समाजमंदिरात बारसं निघालं की वर्ग रस्त्यावर.
दुसऱ्यावर: नोव्हेंबरचं मानधन जानेवारीत.
तिसरा कोराच पर्समध्ये टाकला.
चांगला गुलाबी होता.

आसावरी मॅडम असतील सव्वीसच्या.
मला या कामात अकरा वर्षं झाली,
त्यातली चार नुसती सतरंजी झटकण्यात.
त्या म्हणाल्या, प्रश्न विचारलात की मनात सात मोजा.
गप्प राहा. उत्तर आपणच देऊन टाकू नका.
मी आणि शकीलाबाजी एकमेकींकडे बघून हसलो.
सात मोजेपर्यंत आमच्याकडे
दोन पेन्सिली जातात, एक दात पडतो,
आणि कुणाचा तरी बाप दारात येऊन
चल म्हणतो, लगेच.

चहा झाला. बिस्किटं क्रीमची.
प्रवासखर्च ऐंशी रुपये, तिकिटावर सही.
मी चालतच निघाले,
लॉ कॉलेज रस्त्याने, मग सेनापती बापट रस्ता,
काचेच्या दुकानांत स्वतःला अधूनमधून बघत,
बिल्ला काढायचा राहिलाय हे तेव्हा कळलं.
वडारवाडीच्या तोंडाशी नऊ वॅटचा बल्ब घेतला.
ऐंशी. बिल हवं तर नव्वद, दुकानदार म्हणाला.
हिशेबात म्हणून हा उजेड कुठेच नाही.

संध्याकाळी सव्वीस पोरं, एक पुस्तक, शेळीची गोष्ट.
मल्लेशला विचारलं,
शेळी परत का नाही आली रे?
मल्लेश जूनपासून बोललेला नाही.
म्हणजे खेळताना ओरडतो, शिव्याही येतात,
पण वही उघडली की त्याच्या घरची बोली
दाराबाहेर चपलांपाशी थांबते.

एक. दोन.
अंबिकाचा हात वर. मी डोळ्यांनीच खाली बसवला.
तीन. टँकर आला, निम्मी पोरं खिडकीकडे.
चार, पाच. त्याचा अंगठा पानाच्या कोपऱ्यावर.
सहा. जिभेच्या टोकावर उत्तर होतं,
माझ्याच जिभेच्या.
सात.
आठ. मॅडम, आठ झाले.
नऊला तो आधी आईच्या बोलीत काहीतरी पुटपुटला,
मग एकेक शब्द उचलून इकडे आणला:
"तिला… तिथंच बरं वाटलं."

पुस्तकात उत्तर वेगळं आहे.
मी पुस्तक मिटलं.

रात्री फोनवर अर्ज आला, ऑफिसातून,
कंपनीकडे उद्या दुपारपर्यंत पाठवायचाय.
लाभार्थी: मुलगे किती, मुली किती.
परिणाम: आकड्यांत.
मी 'नऊ' लिहिलं आणि खोडलं.
नऊ काय, ते समजवायला रकाना पुरला नसता.
खोडल्यावर हजेरीचे टक्के घातले.
शेवटचा प्रश्न होता,
मार्चमध्ये निधी संपल्यानंतर
हा वर्ग कसा चालू राहील?

गप्प राहिले. मोजलं.
सात झाले. नऊ झाले.
बाहेर अंबिकाची आजी किल्लीसाठी उभी,
सतरंजीवर कुणाचा तरी एक मोजा.
चौदापर्यंत मोजलं,
मग बल्ब बंद केला, उतरवला,
रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.
इथे ठेवला तर सकाळपर्यंत राहत नाही.