मान

आप्पांची ऑर्डरवही माळ्यावर सापडली.
सुकदेव पेंटर, मिरची बाजारामागे, दोंडाईचा.

कौतिकबाई, वय साठ. फोटो नाही.
लग्नाच्या ग्रुपमध्ये तिसऱ्या रांगेत अर्धा चेहरा,
उरलेला धाकट्या लेकीवरून घ्यावा.
कपाळ भरलेलं हवं.
बावीस वर्षं पांढरं होतं,
पण भिंतीवर तसं बरं दिसत नाही.

धुरपताबाई, जिनिंगमध्ये कामाला.
मुलगा म्हणाला, जरासी गोरी काढजो भाऊ,
आणि गळ्यात पोत, चार पदरी.
होती का कधी, हे आप्पांनी विचारलं नाही.
पिवळ्या रंगाचे चौदा रुपये जास्त लावले.

भर दुपारी शटर अर्धं ओढून
ते आईला स्टुलावर बसवत.
चेहरा नको, म्हणत, मान दे.
खांदे, पदराची चुणी, गळ्याची खोबण.
ती ठेचा वाटता वाटता उठून आलेली,
डोळ्यांतून पाणी,
पुसता यायचं नाही, हलायचं नव्हतं.

म्हणून दोंडाईच्यात, शिंदखेड्यात, पार शहाद्यापर्यंत
कुणाच्याही बैठकीत गेले
की मी हाराच्या आत, डाव्या बाजूला
तीळ शोधते.
असतो.
चाळीस वर्षांत एकाही लेकाने म्हटलं नाही
की आमच्या आईला तो नव्हता.

परवा एका घरी चहा ठेवून उठले,
तसबिरीला हात जोडले.
घरच्यांना बरं वाटलं.
म्हणाले, तुम्ही ओळखत होता का
आमच्या आजीला?