पण

"आम्हाला एक सामान्य नागरिक हवाय," ती मुलगी म्हणाली.
मी मागं वळून पाहिलं.
मागं फक्त कापुलुंगा, चपला शिवत बसलेला,
आणि तो गेल्या दोन निवडणुकांत टीव्हीवर येऊन गेलाय.

किट्वेचा बाजार, तिसरी गल्ली,
जिथं सुक्या मासळीचा वास संपतो
आणि कोऱ्या कापडाचा सुरू होतो, तिथं माझं मशीन.
ऑगस्टची धूळ. मतदानाला नऊ दिवस.
कॅमेऱ्याच्या डोळ्यात मी वाकडी दिसत होते.
बारा मिनिटं बोलले.

मक्याच्या पिठाचं पोतं कितीला पडतं ते सांगितलं.
वीज येते तेव्हा गिऱ्हाईक नसतं
आणि गिऱ्हाईक येतं तेव्हा इस्त्री गार, हेही.
आणि म्हटलं, रस्ता झालाय, खोटं कशाला बोलू,
दवाखान्यापर्यंत डांबर आलंय,
पण डांबर संपतं तिथं जी नर्स बसते
ती माझ्या सुनेला म्हणाली, हातमोजे घरून आणा.

संध्याकाळी घरी अंधार.
म्हणून सगळे ङ्गोशेच्या गुत्त्यावर, जनरेटरपाशी.
मी आले. चार सेकंद.
"रस्ता झालाय. दवाखान्यापर्यंत डांबर आलंय."
पुढच्या शब्दासाठी तोंड उघडलेलं,
तेवढ्यात साबणाची जाहिरात.

कोणी पाठीवर थाप मारली.
काज-बटणं करून देणारी मुसोंडा
दुसऱ्या दिवशी आलीच नाही.
निरोप पाठवला, किती क्वाचा मिळाले ते कळव.

मग दुसरी वाहिनी आली. त्यांना सांगितलं सगळं,
त्यांनी हातमोजे ठेवले, डांबर खरवडून काढलं.
आता थाप मारणारा बोलेना.

कातरकाम मलाही येतं, बाबांनो.
दोन्ही पक्ष फुकट कापड वाटतात,
छापील चेहऱ्यांचं, तीन धुण्यांत विटणारं.
ते माझ्याकडंच येतं शिवायला.
एकाचं नाक चुणीत जातं, एकाचा कान शिवणीत.
कापुलुंगाच्या आईला घेर पुरेना,
तेव्हा पुढं एक उमेदवार लावला, मागं दुसरा.
म्हातारी बसते तेव्हा कोणावर बसते
ते ती सांगत नाही.
पण मी कापते ते माप घेऊन.
अंगाला होईना तर परत आणा, उसवून देते.
तुमचं उसवायला कुठं यायचं?

रात्री रेडिओवर चौघं भांडतात.
म्हणे, या भागाची नाडी आम्ही ओळखून आहोत.
मी तीस वर्षं नाड्या ओवतेय.
एक टोक आत निसटलं
की अख्खा नेफा चाचपत बसावं लागतं
बोटाबोटानं, दिव्याशिवाय.
असं चाचपायला त्यांच्यातलं कोणी
या गल्लीत आल्याचं मला आठवत नाही.

मतदानाच्या दिवशी पहाटे चारला रांगेत.
थंडी होती, पोराची शाल घेतली होती.
पुठ्ठ्याच्या आडोशामागं पेन दोरीला बांधलेलं,
दोरी आखूड.
फुलीपुरता चौकोन, त्यात बाकी काही मावत नाही.
मारली फुली. कुठं, ते मुसोंडालाही सांगितलं नाही,
आता ती पुन्हा यायला लागलीय तरी.

मोजणी चालू असताना ती मुलगी आली.
कॅमेरा नाही. स्कर्टची चेन तुटलेली,
वर जाकीट धरून उभी,
रात्रभर मोजणीच्या मंडपात बसून डोळे लाल.
मी चेन उसवली, नवी बसवायला घेतली.
शेजारच्या रेडिओवर एकेक मतदारसंघ येत होता,
कोणी शिट्टी मारत होतं, कोणी रेडिओच बंद कर म्हणत होतं.
ती स्टुलावर बसली, आवाज खाली आणून म्हणाली,
"मावशी, त्या दिवशी डांबराच्या पुढं
तुम्ही काय म्हणत होता? संपादकांनी... मी ऐकलं होतं,
पण मला नीट आठवत नाही."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या.