पी.पी. नंबर

पावणेतीनला अक्कलकोट रोडवरून फोन.
कुरापाटी टॉवेल्सचा श्रीनिवास.
"मॅडम, तुमचं मेल येतंय की.
जर्मनीचं तेवढं येईना झालंय."

मी एक पाठवून बघते. आलं, म्हणतो.
त्याच्या मेव्हण्याला बँकेतून पाठवायला लावते.
नाही आलं.

काही पोचतं, काही पोचत नाही,
हे सगळ्यात वाईट दुखणं.
त्यापेक्षा पूर्ण बंद पडलेला सर्व्हर बरा,
माग थांबला की कसं
शांततेनंच माणूस उठून बघतो.

लॉग उघडते. डबा अजून तसाच,
कडक भाकरी आणखी कडक होत चाललेली.
हॅम्बुर्गहून आलं. घेतलं.
श्रीनिवासच्या घरच्या पत्त्यावर पुढं धाडलं.
पाचशे पन्नास. दारातूनच परत.
कारणही लिहिलंय, सरळ:
पाकिटावर नाव हॅम्बुर्गचं,
घेऊन आलेली तू सोलापूरची,
तुला कुणी नेमलं?

कुणीच नाही.
आमचा सर्व्हर भोळा,
ज्याचं पत्र त्याचंच नाव सांगत
परक्या दारात उभा राहिलेला, वर्षानुवर्षं.
आधी घ्यायचे. आता पहारा कडक झालाय.

हे श्रीनिवासला कसं सांगायचं?
म्हटलं, तुमच्याकडं पूर्वी पी.पी. नंबर होता?
"होता की! दुडमांच्या किराणात."
मग तसंच समजा.

आमचा पी.पी. विडी घरकुलात,
गाजुलमामांच्या पिठाच्या गिरणीत.
आणि पुढं धाडणारी मी, आठ वर्षांची,
चपला हातात घेऊन पळणारी.
भिवंडीहून फोन यायचे,
गल्लीतली निम्मी माणसं तिकडच्या मागांवर.
निरोप तेलुगूत, गिरणीच्या आवाजात अर्धा ऐकलेला,
वाटेत तो मी शाळेच्या मराठीत पाठ करायची,
दारात पुन्हा तेलुगू.
त्यात काय गळलं, काय शिरलं,
तपासणार कोण.

एकदा नरसव्वाकाकूंसाठी होता.
"सातला गिरणीवर थांब म्हणावं, परत लावतो."
मी हो म्हटलं.
लॉगमध्ये त्याला दोनशे पन्नास म्हणतात:
ठीक, घेतलं.
घेतलं म्हणजे पोचलं नव्हे,
हे मला कामावर तिसऱ्या वर्षी कळलं.

वाटेत गोळेवाला होता. काला खट्टा.
बर्फ संपेपर्यंत निरोपही संपला.

सातला आठवलं.
काकू समोरच्या ओट्यावर,
मांडीवर सूप, सुपात पानं,
दोऱ्याचं टोक दातांत धरून विड्या बांधत होती.
गिरणीत फोन वाजत असणार,
पीठ पडत असणार.
माझ्याकडं बघून म्हणाली, तिन्नावा?
जेवलीस का.
मी मान हलवली.

नाकारलेलं मेल निदान परत जातं,
पाठवणाऱ्याला सांगतं, नाही पोचलं बाबा.
मी कुणाकडंच परत गेले नाही.
काय सांगायचं होतं त्याला, ते कुणाकडंच नाही.
प्रत ठेवलेली नव्हती.

दुरुस्ती दहा मिनिटांची.
आता पाकिटावर नाव आमचं,
आतलं पत्र हॅम्बुर्गचं, जसंच्या तसं.
कुणी नाकारलं तर आमच्या दारात येईल,
आमच्या नावानं.
आणि "एक प्रत इथं ठेवा"
या चौकोनात मी खूण करते. जरा जोरातच.

"आलं!" श्रीनिवास ओरडतो, मागं शेडचा खडखडाट.
मग हळू आवाजात,
"मागची मिळतील का, मॅडम? पंधरा दिवसांची?"
नाही. त्यांनाच परत पाठवायला सांगा.
"काय म्हणून सांगू?"
सांगा, निरोप आणणाऱ्याकडून राहिलं.

थोडा वेळ नुसता मागांचा आवाज.
"तसं कोण सांगतंय, मॅडम," तो म्हणतो.